ठमाकाकीचा उघडा मांडव

ठमाकाकी लग्नाला आली की मांडवात सगळ्यात मागे, बाहेर पडायच्या वाटेजवळ बसते आणि पदराचं टोक दातांत धरते. नव्या माणसाला वाटतं, म्हातारीची दाढ दुखतेय. आम्हाला ठाऊक असतं की पुढे बसलेल्या धवलारणीचं काहीतरी चुकलेलं आहे आणि काकीला ते ऐकवत नाहीये.

धवलारीण म्हणजे काय, हे आता आमच्या भागातल्या पोरांनाही सांगावं लागतं. आगरी माणसांच्या लग्नात पूर्वी भटजीच्या जागी बाई असायची. मांडवात उंबराची फांदी उभी करण्यापासून हळद, तांदूळ, शेल्यापदराची गाठ, सगळं ती गाऊन पार पाडायची. त्या गाण्याला धवला म्हणतात. तिनं धवला म्हटला की लग्न लागलं, मग कुणी काही बोलायचं नाही. आता हळदीला छातीत धडधड होईल असे स्पीकर लागतात, आणि धवलारीण बोलावलीच तर फोटोपुरती. तिच्या दोन ओळी होतात न होतात तोच मागून पोरं ओरडतात, 'चल, गाणं लाव!'

ठमाकाकी आमच्या पंचक्रोशीतली अस्सल धवलारीण, आणि तिनं भर तरुणपणात गाणं टाकून दिलं. इतकं की सख्ख्या मुलाच्या, दयारामच्या लग्नात दुसऱ्या गावची बाई आणावी लागली. लोकांनी तोंडावर बोलून दाखवलं, 'घरात विहीर आणि पाणी टँकरचं?' काकीनं ऐकून घेतलं. भाकरी जरा जाड झाली म्हणणाऱ्या मुंबईच्या पाहुण्यापुढे परात सरकवून 'मंग तूच थाप' म्हणणारी ही बाई, तिनं ते मुकाट ऐकून घेतलं, यावरूनच माणसांनी काय ते समजायला हवं होतं. कुणी समजून घेतलं नाही. मीही नाही.

मी नूतन. नागावात समुद्राकडे उतरणारी आमची वाडी आहे, त्यात पाहुण्यांसाठी चार खोल्या. चक्रीवादळात नारळ-पोफळी निम्म्या गेल्या, पण घर वाचलं, म्हणून धंदा वाचला. ठमाकाकी भातशेतांपलीकडच्या आळीतून येते आणि माझ्या मागच्या चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजते. ऐंशीला टेकली आहे. मी मध्ये एकदा दुसरी बाई बघितली तर आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आठव्या दिवशी येऊन त्या बाईची भाकरी उचलून कावळ्याला टाकली आणि म्हणाली, "त्यालाबी चावत न्हाय बघ." खोटं होतं. कावळ्यानं भाकरी नेली होती.

यंदा काकीच्या नातीचं, दयारामच्या साक्षीचं लग्न ठरलं. साक्षी अलिबागला दवाखान्यात रक्त-लघवी तपासायच्या कामाला आहे, डोक्यानं तल्लख, बोलायला फटकळ. आजीवरच गेली आहे. तिला लग्नात फार काही नको होतं. नाचगाणं असलं काय, नसलं काय. तिचा हट्ट एकच: हळद आजीनं लावायची आणि धवला आजीनं म्हणायचा. तिनं लाडीगोडी लावून पाहिली, भांडून पाहिलं, दोन वेळचं जेवण सोडून पाहिलं. आजीचं उत्तर एकच.

"मी म्हनल्यान् तुजं बरं व्हनार न्हाय."

"का नाही होणार?"

"न्हाय व्हनार."

साक्षी माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "नूतनकाकी, आजीला मी आवडत नाही का गं?" म्हणाली. मी तिला समजावलं, पण समजावायला माझ्याकडे होतं काय? मलाही म्हातारीचा राग आला होता. एवढा कसला ताठा, असंच वाटलं होतं.

त्याच सुमाराला हर्षद आला. पुण्याचा, तिशी ओलांडलेला, केस मानेवर, खांद्याला कापडी पिशवी. आठवड्याच्या मधल्या वारी, बायको-पोरांशिवाय आणि दारूच्या बाटलीशिवाय येणारा पाहुणा बघितला की मला जरा काळजीच वाटते. त्यानं सामान खोलीत टाकलं आणि चहा घेता घेता विचारलं, "काकू, या वाडीत अडुसष्टच्या हिवाळ्यात काही इंग्रज मुलं राहिली होती का?"

राहिली होती. मी या घरात यायच्या पुष्कळ आधीची गोष्ट, पण सासरे सांगायचे. पाचजण होते, पोरं-पोरी मिळून, सगळे लांब केसांचे. मामंजींनी त्यांना विहिरीजवळची नारळ ठेवायची खोपी दिली होती. दिवसभर झाडाला टेकून तारा छेडत बसायचे आणि जेवायच्या वेळेला बरोब्बर उठायचे. मामंजींच्या लेखी त्यांची एवढीच ओळख होती.

हर्षदला एवढंसं ऐकूनच भरून आलं. त्या मुलांनी म्हणे परत जाऊन एक तबकडी काढली होती. गिटार, घंट्या, अर्धवट शिकलेली सतार, समुद्राचा आवाज आणि जुनी विलायती खेडवळ गाणी, सगळं एका भांड्यात टाकून ढवळलेलं. त्याला सायकेडेलिक फोक म्हणतात, तो म्हणाला. तेव्हा कुणी विकत घेतली नाही, मुलं पांगली. आता मात्र जगभरचे शौकीन ती शोधत फिरतात. त्यानं फोनवर वेष्टन दाखवलं. त्यावर जांभळ्या रंगाची नारळाची झाडं होती आणि सूर्याला मोठा डोळा काढलेला. आमच्या वाडीला कुणी ताप चढल्यावर बघितलं असेल तर ती तशी दिसत असेल.

"दुसऱ्या बाजूला एक बाई गाते," हर्षद म्हणाला. "नाव नाही लिहिलेलं. 'गावातली स्त्री' एवढंच. मी कॉलेजात असल्यापासून तिला शोधतोय."

"ऐकव तरी," मी म्हटलं.

आम्ही मागच्या पडवीत होतो. पलीकडे चुलीपाशी काकीचं भाकऱ्या थापणं चाललं होतं. आधी गिटार वाजली, मग घंट्या, मग कुणीतरी झोपेत बोलल्यासारखं इंग्रजीत गायलं. मला काही तो प्रकार कळला नाही. मी मनात संध्याकाळच्या माशांचा हिशेब करत होते. आणि मग बाईचा आवाज आला. नाकातून किंचित, पण असा सरळ आणि मोकळा, की मी हातातली लसूण तशीच धरून बसले. गाणारी जणू माझ्याच अंगाला हळद लावत होती. आवाज कुणाचा ते मला कळलं नाही, कारण मी तो कधी ऐकलेलाच नव्हता. कळलं ते चुलीपाशीचं थापणं थांबलं म्हणून.

काकी पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली होती.

तेवढ्यात गाण्यात काहीतरी झालं. आवाज तोच, पण शब्द शेवटाकडून सुरुवातीकडे ओढले जाऊ लागले. हर्षदनं डोळे मिटून मान डोलावली. "काकू, इथे त्यांनी टेप उलटी फिरवली आहे. सगळ्या तबकडीतली सर्वांत थोर जागा ही."

"बंद कर," काकी म्हणाली.

त्यानं गडबडीनं बंद केलं.

"माजा धवला माघारी कुनी फिरवला?" असं म्हणून काकी खाली बसली. मी पाणी दिलं ते तिनं घेतलं नाही. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला, तरी ती उठली नाही, तेव्हा मी साक्षीला फोन केला. साक्षी दवाखान्यातून तशीच निघून आली. आणि मग काकीनं आम्हा तिघांना जे सांगितलं, ते तिनं दयारामलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं.

काकी तेव्हा ऐन विशीत होती. सासू गोदूबाई ही मोठी धवलारीण. ठमाला तिनंच शिकवलं. शिकवायची रीत अशी की घरात म्हणून बघायचं नाही, शेतात गुणगुणायचं नाही. सासूच्या मागे मांडवात उभं राहायचं आणि कानानं उचलायचं. समोर नवरा-नवरी असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचाच नाही. आणि दुसरा नियम त्याहून कडक: जिनं हळद लावली तिनंच ती उतरवायची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी धवलारीण ऊन पाणी घेऊन येते, नवरा-नवरीची हळद गाऊन उतरवते, मग मांडव मिटतो. तोवर तो उघडा. आणि उघड्या मांडवाची जोखीम धवलारणीच्या घरावर.

काकीचा नवरा मोरू आमच्याच वाडीत पाडेली होता, म्हणजे झाडावर चढून नारळ पाडायचा. त्या गोऱ्या मुलांशी त्याची दोस्ती झाली. त्यानं मोडक्या हिंदीत, खाणाखुणा करून फुशारकीनं सांगितलं, माझी बायको गाते तसं तुम्ही जन्मात ऐकलं नसेल. मुलं यंत्र घेऊन बसली. ठमा म्हणाली, लग्न असल्याशिवाय जमायचं नाही. त्यांनी आपापसात काही बोलणं केलं आणि जूडी नावाच्या पोरीला न् कॉलिन नावाच्या पोराला पुढे केलं. या दोघांना लग्न करायचंय, म्हणाले. ठमानं विचारलं, खरंच? जूडीनं हो म्हणून मान हलवली.

"मना काय ठाव गो," काकी म्हणाली. "मी म्हटलं, आईबापापासून येवढी लांब आलेली पोर, तिचं लगीन कोन लावनार? तिचं नाव मेथीच्या जुडीसारखं. मना हसू यायचं, पन पोर गरीब व्हती. मोरूनं मांडव घातला. उंबराची फांदी मीच आनली."

गोदूबाई तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. त्यामुळे ठमानं पहिल्यांदा एकटीनं, स्वतःच्या जोरावर लग्न लावलं. पहिलंवहिलं! हे सांगताना इतक्या वर्षांनीही तिच्या तोंडावर मिनिटभर उजेड आला. हळद लावली, तांदूळ टाकले, सगळा धवला म्हटला, एक शब्द चुकला नाही. नवरी आईला सोडून निघते तो भाग आला तेव्हा जूडी ढसाढसा रडली. ठमानं पदरानं तिचं तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमा ऊन पाण्याची कळशी घेऊन शेतातून वाडीत आली. मांडव होता, खोपी रिकामी होती. पहाटे गाडी आली आणि मुलं गोव्याला निघून गेली.

"कळशी तशीच घेऊन परत आलो," काकी म्हणाली.

सासू आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, हळद उतरवलीस का? ठमा न्हाय म्हणाली. पुढे काही आठवड्यांनी मोरू याच वाडीत झाडावरून पडला. दयाराम तेव्हा मांडीवर होता. मोरूला उचलून नेताना गोदूबाई सुनेला म्हणाली, "मांडव उघडा ठेवून आलीस. त्यातनं गेला तो."

एवढंच एक वाक्य. तेवढ्यावर एका बाईचा जन्म गेला. मी गोदूबाईला बघितलेलं नाही, पण त्या घटकेला ती समोर असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. तसं मी बोललेही. काकीनं मला गप्प केलं.

"तिचा पोर गेला व्हता गो. त्या वक्ताला मानूस काय बोलंल आनि काय न्हाय."

त्यानंतर काकीनं धवला म्हटला नाही. जिच्या अंगावर एक लग्न उघडं आहे, तिनं दुसरं लावायचं नाही. सरळ हिशेब होता. दयारामचं लग्न आलं तेव्हा भीती वाटली, लोकांची बोलणी परवडली पण पोराला काही व्हायला नको. आता साक्षीचं आलं. आणि आता तर हेही कळलं की त्या पोरांनी तिकडे नेऊन धवला उलटा फिरवला.

साक्षी आजीच्या पायाशी बसली होती. ती रोज रक्ताच्या नळ्या हाताळणारी मुलगी; असल्या गोष्टींवर एरवी फिसकन् हसली असती. ती हसली नाही. "मला सांगायचं तरी होतंस," एवढंच म्हणाली आणि आजीच्या हातावरचं वाळलेलं पीठ खरवडून काढत बसली. हर्षदच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. ज्या जागेवर तो वर्षानुवर्षं मान डोलावत आला होता, तिच्या पोटात हे निघालं होतं. मला त्या मुलाची दया आली. त्याचा काय दोष?

"मना येकच इचारायचं हाय," काकी म्हणाली. "त्या पोरीची हळद कुनी उतरवली? कुनीतरी उतरवली आसंल. तिकडं नेऊन, त्यांच्या रीतीनं का आसंना."

हर्षदकडे जूडीचा पत्ता होता. कॉलिन वारला होता, बाकीचे कुठे गेले कुणाला ठाऊक नव्हतं, पण जूडी वेल्समध्ये एका खेड्यात राहते आणि शौकिनांच्या प्रश्नांना अधूनमधून उत्तरं देते. दुसऱ्या दिवशी दुपारी बोलायचं ठरलं. काकी त्या दिवशी नवं लुगडं नेसून आली. केसांना तेल, कपाळ कोरं. पडवीतल्या बाकावर साक्षीनं फोन उभा केला, तांदळाच्या डब्याला टेकवून.

पडद्यावर एक पांढऱ्या केसांची बारकुडी म्हातारी आली. मागे तिचं स्वयंपाकघर दिसत होतं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग जूडी काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, तुझे डोळे तेच आहेत," साक्षी म्हणाली.

"हिचे दात गेले," काकी आम्हाला म्हणाली. "हे नको सांगूस. इचार तिला हळदीचं."

जूडीला मात्र आधी दुसरंच बोलायचं होतं. ती क्षमा मागत होती. नाव छापलं नाही, विचारल्याशिवाय आवाज वापरला, उलटा फिरवला; मी नको म्हटलं होतं, पण माझं कुणी ऐकलं नाही, म्हणाली. काकीनं ते माशी वारावी तसं हातानं वारलं. "त्ये ऱ्हाऊंदे. हळद."

साक्षीनं विचारलं. जूडी बराच वेळ बोलली. ऐकता ऐकता साक्षीचा चेहरा उतरत गेला. हर्षद खाली बघत होता.

"काय म्हनते?"

"आजी..."

"साक्षे, गाळू नकोस काय. सगळं सांग."

साक्षीनं सांगितलं. ते दोघं नवरा-बायको होणारच नव्हते. कॉलिनचं त्या टोळीतल्या दुसऱ्याच मुलीशी होतं. तू लग्नाशिवाय गाणार नाही म्हणालीस, म्हणून त्यांनी ठरवून सोंग केलं. तिला तेव्हा ती गंमत वाटली होती. हळद रडता रडता चेहऱ्यावरून गेली तेवढी गेली, बाकीची अंगावर तशीच होती. गोव्याला पोचेपर्यंत नखांत पिवळी होती. कुणी उतरवली नाही.

मला वाटलं, संपलं. उघडा मांडव तर उघडाच, वर लग्नही खोटं. आता ही म्हातारी घरी जाऊन अंथरूण धरणार आणि साक्षीच्या लग्नाला तोंडसुद्धा दाखवणार नाही.

काकी उठून उभी राहिली आणि तिनं फोनच्या तोंडावर बोट रोखलं.

"लबाड! मी तुला इचारलं व्हतं, खरंच का? तू मुंडी हलवलीस. मी नवरा बघितला, नवरी बघितली, हळद लावली. मी कायबी खोटं केलं न्हाय. खोटं तुमी बोललात! आनि तुमच्या खोट्याचा भारा मी डोक्यावर घेऊन फिरलो? माज्या पोराच्या लग्नात मी मुक्यासारखी मागं बसलो, ती तुमच्या गमतीपायी? माजा मोरू गेला त्या टायमाला मना वाटलं, मीच मारला त्याला. मीच!"

साक्षी हे सगळं इंग्रजीत सांगत होती, रडत सांगत होती. काकीचा आवाज इतका चढला की रस्त्यावरचा आईस्क्रीमवाला फाटकात येऊन उभा राहिला. मला त्या बाईचं रडणं दिसत होतं आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं. कुणावर तरी एकदा ओरडायचं होतंच ना काकीला. ज्याच्यावर ओरडायचं तो माणूस सापडायला म्हातारपण यावं लागलं.

ओरडून झालं तशी ती धापा टाकत बसली. जूडी तोंडावर हात धरून होती. मोरू कोण ते तिला आठवत होतं, नारळ सोलून द्यायचा म्हणाली. तो पडल्याचं तिला आज कळत होतं. मग हळूच आणखी काही म्हणाली.

"काय?"

"ती म्हणते, पुढे तिनं दोनदा लग्न केलं. दोन्ही मोडली. आता एकटीच असते."

काकीनं मान वळवून पडद्याकडे नीट बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरताना मला दिसला.

"मोडनारच की," ती म्हणाली. "पयली हळद अंगावर ठेवून दुसरी लावलीस. टिकंल कशी? कुनी सांगनारी न्हवती गो तुला."

काही वेळ ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "साक्षे, तिला म्हनावं, मागं नळ दिसतो त्याच्यापाशी जा. पानी जरा ऊन कर. गार नको, म्हातारं मानूस हाय."

साक्षीनं सांगितलं. जूडीनं कारण विचारलं नाही. किटली ठेवली, पाणी कोमट केलं, एका वाडग्यात ओतलं आणि फोन खिडकीत उभा केला. हर्षदनं नकळत स्वतःचा फोन बाहेर काढला होता. काकी त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "त्यो खिशात घाल, बाबा. ह्ये गानं न्हवं." त्यानं घातला.

"दोनी हात बुडव म्हनावं. आता तोंडावरनं, वरनं खाली. खालनं वर न्हाय गो! हां. आता मानंवरनं. आता हातांवरनं, नखांपातूर."

आणि काकीनं तोंड उघडलं. पहिल्या वेळी नुसता श्वास आला. दुसऱ्या वेळी आवाज फाटला. तिसऱ्या वेळी लागला.

उतरली गो बाय, हळद उतरली गो,
पान्याच्या संगं पान्याला मिळाली गो.

तबकडीवरचा तो सरळ मोकळा आवाज हा नव्हता. म्हातारीचा होता, घोगरा, मध्येच दम लागणारा. पण ओळीमागून ओळ येत राहिली, एकही अडखळली नाही. इतकी वर्षं ती कुठे ठेवली होती तिनं? तिकडे वेल्समध्ये एक पांढऱ्या केसांची बाई खिडकीशी उभी राहून, सांगितलं तसं, आपले सुरकुतलेले हात नखांपर्यंत धूत होती. साक्षीला भाषांतर करायची गरजच उरली नाही. माझ्याच्याने बघवेना, म्हणून मी चुलीकडे गेले, तर तिथेही गाणं ऐकू येतच होतं.

संपल्यावर काकी म्हणाली, "मिटला मांडव. तिला म्हनावं, पुसून घे, सर्दी व्हईल. आनि आता लगीन करायचं तर कर."

जूडी रडता रडता हसली. आणखी थोडं बोलणं झालं, फोन बंद झाला. मी चहा ठेवला. काकी बाकावर बसून होती, डोळे कोरडे, हात मांडीवर पालथे. साक्षीच्या लग्नाची पत्रिका माझ्या भिंतीवर महिनाभरापासून लावलेली आहे. काकी रोज तिच्याखालून जाते. तारीख घरातल्या सगळ्यांना पाठ आहे, आणि सगळ्यात आधी ती काकीनंच पंचांग बघवून काढली होती.

तिनं चहाची बशी खाली ठेवली आणि नातीकडे बघून विचारलं, "साक्षे, तुजी हळद कवा हाय गो?"